मुंबई–कोलकाता : अंतर एक, वेळ अनेक

मुंबईच्या विमानतळापासून कोलकात्याच्या दमदमपर्यंतचं सरळ अंतर सुमारे १,६६० किलोमीटर आहे. आम्ही मोजतो त्या नॉटिकल मैलांत ते नऊशेला दोनेक कमी भरतं. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा घट्ट ताणला, तर तो छत्रपती संभाजीनगरवरून जाईल, यवतमाळच्या डोक्यावरून पुढे सरकेल, नागपूरला डाव्या हाताला ठेवेल आणि रायपूर, झारसुगुडा, खरगपूर करत दमदमला पोचेल. जवळजवळ निम्मी वाट महाराष्ट्रातच संपते. मी डिस्पॅचर म्हणून कामाला लागले तेव्हाही हे अंतर एवढंच होतं. ते कापायला किती वेळ लागेल, हे मात्र रोज नव्याने काढावं लागतं, आणि माझी नोकरी मुख्यतः त्यासाठीच आहे.

विमान कंपनीत डिस्पॅचर नावाचं कोणी असतं, हे प्रवाशांना सहसा ठाऊक नसतं. आम्ही विमानातही नसतो आणि काउंटरवरही नसतो. विमानतळाजवळच्या इमारतीतल्या एका दालनात चोवीस तास पाळ्या चालतात. उड्डाणाच्या दीड-दोन तास आधी त्याचा फ्लाइट प्लॅन तयार करायचा असतो. कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून, किती वेळात, किती इंधन घेऊन, हे सगळं त्यात येतं. बंद असलेल्या धावपट्ट्या, बिघडलेले दिवे, लष्करी सरावासाठी राखून ठेवलेलं आकाश यांची सूचना नोटॅममध्ये असते. ती सगळी वाचायची, हवामानाचे अहवाल वाचायचे आणि मग सही करायची. त्यानंतर कॅप्टन तो कागद तपासतो आणि सही करतो. त्याला काही पटलं नाही तर फोन येतो, दोघं मिळून पुन्हा आकडे बघतो.

इंधनाचा सगळा हिशेब वेळेतून निघतो. एअरबस ३२० जातीचं विमान ताशी साधारण अडीच टन इंधन जाळतं, म्हणजे मिनिटाला चाळीस किलोच्या आसपास. प्रवासाला लागेल तेवढं इंधन घ्यायचं, त्याच्या पाचेक टक्के वर. दमदमला उतरता आलं नाही तर भुवनेश्वरला किंवा रांचीला पोचण्यापुरतं आणखी, आणि तिथे पोचल्यावरही अर्धा तास हवेत राहता येईल इतकं शेवटचं. हे शेवटचं अर्ध्या तासाचं इंधन कोणी वापरायचं नसतं. ते टाकीत शिल्लक ठेवूनच विमान जमिनीवर यायला हवं. जास्त भरावं म्हटलं, तर जास्त वजन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळतं. म्हणून वेळ अंदाजपंचे धरता येत नाही.

मी या कामात आले तेव्हा माझी समजूत सरळ होती. अंतर भागिले वेग, आणि उत्तर वेळ. साडेचारशे नॉटचा वेग, म्हणजे ताशी सव्वाआठशे किलोमीटरच्या पुढे. नऊशे मैलांना दोन तास, चढण्या-उतरण्याची थोडी मिनिटं धरून सव्वादोन. मला शिकवणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. त्याच दिवसाचं मुंबई–कोलकाता आणि त्याच विमानाचं परतीचं कोलकाता–मुंबई. जाताना हवेतला वेळ दोन तासांच्या आतबाहेर आणि येताना अडीच तासांच्या पुढे. विमान तेच, उंची जवळपास तीच, अंतर तेच. ते एवढंच म्हणाले, ‘‘जानेवारी आहे ना.’’

हिवाळ्यात उत्तर भारताच्या वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक वेगवान पट्टा वाहतो, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात. त्याचा गाभा आमच्या मार्गाच्या उत्तरेला असतो, पण त्याची दक्षिणेकडची किनार विदर्भ-छत्तीसगडच्या आकाशापर्यंत येते. पस्तीस हजार फुटांवर साठ-सत्तर नॉटचा पश्चिम वारा जानेवारीत नवलाचा नाही. विमान हवेत साडेचारशेनेच चालत असतं, पण हवाच साठने पुढे सरकत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग पाचशे दहा होतो. परत येताना तोच तीनशे नव्वद. नऊशे मैलांवर हा फरक अर्ध्या तासाचा पडतो. अर्धा तास म्हणजे सव्वा टन इंधन.

मुंबई–दिल्ली मार्गावर हे इतकं जाणवत नाही. तो मार्ग बराचसा दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा विमानाच्या कुशीला लागतो, पाठीला किंवा तोंडावर नाही. कोलकात्याचा मार्ग मात्र वाऱ्याच्या रेषेतच पडला आहे. म्हणून आमच्या खोलीत नवीन आलेल्या मुलांना वारा शिकवायचा असेल, तर मी दिल्लीचा कागद देत नाही, कोलकात्याचाच देते.

आणि खरी मजा उन्हाळ्याच्या शेवटी आहे. फ्लाइट प्लॅनमध्ये वाटेतल्या वाऱ्याची सरासरी एका आकड्यात लिहिलेली असते. वारा मदतीला असेल तर अधिक, विरोधात असेल तर उणे. कोलकात्याला जाणाऱ्या विमानाच्या कागदावर तो आकडा थंडीभर मोठा अधिक असतो. मार्च-एप्रिलमध्ये उतरत जातो. मे महिन्याच्या शेवटी, मोसमी पाऊस केरळात पोचल्याची बातमी येते त्या सुमारास, तो शून्याजवळ घुटमळतो. जुलैत तो उणे झालेला असतो. पश्चिमेचा झोत हिमालयापलीकडे निघून गेलेला असतो आणि द्वीपकल्पाच्या वर आता पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहत असतो. या पूर्वझोताचं शास्त्रीय वर्णन पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये जगापुढे मांडलं. त्याचा गाभा आमच्या मार्गापेक्षा दक्षिणेला आणि आमच्या विमानांहून बराच उंच असतो. आम्हाला त्याची खालची कड लागते, वीस-पंचवीस नॉटची. पण तेवढ्याने गणित उलटतं. जुलैत कोलकात्याहून येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोचतं. पावसाळ्याची चाहूल लोकांना ढगांवरून, उकाड्यावरून, कोकिळेच्या ओरडण्यावरून लागते. मला ती वाऱ्याच्या त्या रकान्यावरून लागते, आणि दरवर्षी तितकाच आनंद होतो.

हे आकडे आमच्याकडे तयार येतात. लंडन आणि वॉशिंग्टन इथली दोन जागतिक केंद्रं विमानवाहतुकीसाठी उंचावरच्या वाऱ्यांचा अंदाज दिवसातून चारदा काढतात. पण त्या अंदाजाच्या मुळाशी प्रत्यक्ष मोजलेला वारा लागतो. तो मोजणारी माणसं बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती. नागपूरला एका लग्नासाठी गेले होते तेव्हा ओळखीतून परवानगी मिळाली आणि पहाटे सोनेगावच्या वेधशाळेत गेले. साडेपाचच्या निरीक्षणासाठी फुगा आधीच फुगवून ठेवलेला होता, माणसाहून उंच. त्याच्या दोरीला हातात मावेल एवढी पेटी बांधलेली. सोडला की तो तापमान, दाब, आर्द्रता कळवत वर जातो, आणि तो कसा वाहवत जातो यावरून प्रत्येक थरातला वारा कळतो. तीसेक किलोमीटरपर्यंत जाऊन तो फुटतो. जगभरची केंद्रं एकाच वेळी, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी, असे फुगे सोडतात. आमच्या मार्गावरच्या अशा ठिकाणांत सांताक्रूझ, नागपूर आणि दमदम येतात. फुगा सोडणारे गृहस्थ माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघत होते. त्यांना मी माझ्या फोनवरचा आदल्या रात्रीचा फ्लाइट प्लॅन दाखवला, त्यातली नागपूरजवळची वाऱ्याची ओळ दाखवली. ते चष्मा वर करून बराच वेळ ती ओळ वाचत राहिले. त्यांनी इतकी वर्षं मोजलेला वारा कुठे जातो, हे त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं होतं.

सरळ रेषेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मुंबई–कोलकाता एवढ्या पल्ल्यात नकाशावरची सरळ रेघ आणि गोलावरची सर्वांत जवळची वाट यांत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, वाटेच्या मध्यावर वीसेक किलोमीटरचं सरकणं एवढंच. लांब पल्ल्याला तो प्रचंड पडतो. मुंबई–न्यूयॉर्क गोलावर साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि ती वाट सेंट पीटर्सबर्गजवळून, नॉर्वेवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी जाते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि तसं उडालं, तर दीड हजार किलोमीटरहून जास्त फेरा पडेल. पण गोलावरची वाटही उडायला मोकळी असेलच असं नाही. माझे परदेशी मार्गांवर काम करणारे सहकारी वाऱ्याइतकंच युद्धांकडे लक्ष ठेवून असतात. २०१९ च्या २७ फेब्रुवारीला पाकिस्तानचं आकाश बंद झालं ते १६ जुलैपर्यंत. २०२२ च्या फेब्रुवारीपासून युक्रेनचं बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा आकाश बंद केलं. मुंबईपेक्षा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना याचा फटका जास्त. त्यांची ठिकाणं जिथे होती तिथेच आहेत, वाट मात्र शेकडो किलोमीटरनी वाढते आणि कुठे कुठे मध्येच इंधनासाठी उतरावं लागतं. त्या दिवसांत त्यांच्या टेबलाकडे बघून मला माझा देशांतर्गत मार्ग साधा वाटायचा.

साधा म्हणजे तोही फार साधा नाही. मुंबईहून वर्षाचे बहुतेक दिवस विमानं २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून, पश्चिमेला तोंड करून उडतात. कोलकाता पूर्वेला. म्हणजे कोलकात्याचं विमान आधी जुहूच्या समुद्रावर जातं आणि मग वळून पुन्हा जमिनीकडे येतं. दहा हजार फुटांखाली अडीचशे नॉटच्या वर जायचं नाही. दमदमची धावपट्टी दक्षिणोत्तर आहे. उन्हाळ्यात वारा दक्षिणेचा असला की उत्तरेकडून उतरायचं, म्हणजे शहर ओलांडून पलीकडे जाऊन परत फिरायचं. या वळणांमुळे प्रत्यक्ष उडालेलं अंतर सरळ अंतराहून कायम जास्त भरतं.

त्यात कोलकात्याची कालबैसाखी. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की छोटा नागपूरच्या पठारावर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी वादळ बंगालच्या सपाटीवर येतं. ते तासाभरात ओसरतं, पण त्या तासाभरात दमदमला कोणी उतरू शकत नाही. दुपारी चारच्या सुमाराला मुंबईहून निघणाऱ्या विमानाचा कागद मी त्या दोन महिन्यांत वेगळ्या मनाने करते. वाटेत ढगांना वळसा घालायला पाच-सात मिनिटं, तिथे पोचून घिरट्या घालायला वीस-पंचवीस मिनिटं. एक घिरटी साधारण चार मिनिटांची असते, त्यामुळे कॅप्टनशी बोलताना आम्ही घिरट्यांच्या हिशेबातही बोलतो. कोलकात्याच्या आमच्या माणसांना मी फोन करून विचारते, ‘‘दादा, पश्चिमेकडे आकाश कसं दिसतंय?’’ रडार असतं, उपग्रहाची चित्रं असतात. तरीही हा फोन मी करते. तिथल्या माणसाने खिडकीतून बघून ‘अंधारून येतंय’ म्हटलं की मी वर आणखी सहा-सातशे किलो घालते.

जमिनीवरचा वेळ वेगळाच. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर दिवसाला नऊशे, हजार विमानं उतरतात-उडतात. जगात इतक्या कमी धावपट्ट्यांवर इतकं काम करणारे विमानतळ फारच थोडे असतील, आणि तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रांग ती रांगच. जागेवरून मागे ढकललेलं विमान धावपट्टीच्या टोकाशी पोचून आपली पाळी येईपर्यंत पंधरा मिनिटं लागतात, कधी तीस.

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो त्यात हे सगळं आलेलं असतं. चाकाखालचा चॉक काढल्यापासून पलीकडे चाकाखाली चॉक लागेपर्यंत मोजलेला तो वेळ. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. वेळापत्रक बनवणारे लोक मागच्या मोसमातल्या सगळ्या उड्डाणांचे वेळ काढतात आणि दहापैकी सहा-सात-आठ वेळा जमेल असा आकडा धरतात. किती वेळा, हे कंपनीचं धोरण. हवेत दोन तास लागणाऱ्या प्रवासाला वेळापत्रकात अडीच-पावणेतीन तास दिसतात ते यामुळे. वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर पोचलं असं धरतात, आणि वक्तशीरपणाच्या टक्केवाऱ्या दरमहा प्रसिद्ध होतात, तेव्हा प्रत्येकाला थोडी जास्तीची मिनिटं हवीशी वाटतात.

यावर आमच्या क्षेत्रात मतभेद आहेत. माझं मत असं, की वाऱ्यासाठी, रांगेसाठी, वादळासाठी धरलेली मिनिटं प्रामाणिक आहेत. प्रवाशाला आपण जे खरंच लागण्याची शक्यता आहे ते सांगतो. पण सामान चढवायला माणसं कमी आहेत, साफसफाई वेळेत होत नाही, म्हणून वेळापत्रकच लांबवायचं, हे मला पटत नाही. तो वेळ आपण प्रवाशाच्या आयुष्यातून घेतो आणि त्याला ते कळतही नाही. आणखी एक. उशिरा निघालेल्या विमानात ‘हवेत वेळ भरून काढू’ असं सांगतात. कोलकात्यापर्यंतच्या पल्ल्यात वेग वाढवून दोन-तीन मिनिटं वाचतात, आणि त्याला बरंच इंधन लागतं. पंचवीस मिनिटं उशिरा निघून वेळेवर पोचलेलं विमान वेगाने गेलेलं नसतं. ती पंचवीस मिनिटं वेळापत्रकात आधीपासून असतात, नाहीतर त्या दिवशी वारा चांगला असतो. हे प्रवाशांना सरळ सांगावं असं मला वाटतं. लोक समजून घेतात.

मुंबईकर तर हे न सांगताच जाणतो. डोंबिवली अंधेरीपासून किती लांब, असं विचारलं तर किलोमीटर कोणी सांगत नाही. घाटकोपरला गाडी बदलून किती वाजता निघालात त्यावर उत्तर अवलंबून असतं.

मिनिटांची खरी किंमत मला माल विभागातल्या लोकांनी शिकवली. वाशीला अणुऊर्जा विभागाची बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी ही संस्था आहे. तिथून रुग्णालयांसाठी किरणोत्सारी औषधं देशभर जातात. शिशाचं जाड आवरण असलेल्या लहान जड पेट्या, बाहेर पिवळी खूण. थायरॉइडच्या उपचारासाठी लागणारं आयोडीन त्यात असतं, आणि हाडांच्या, हृदयाच्या तपासण्यांसाठी लागणारं टेक्नेशियम ज्यातून मिळतं ते मॉलिब्डेनम. मॉलिब्डेनम दर सहासष्ट तासांनी निम्मं होतं. पेटी बंद असली, कोणी हात लावला नाही, तरी ते कमी होतच राहतं. एक दिवसाचा उशीर झाला, तर पाचव्या हिश्श्याहून जास्त औषध वाटेतच संपलेलं असतं, म्हणजे पलीकडे तेवढ्या रुग्णांची तपासणी राहते. आयोडीनला आठ दिवस लागतात, ते थोडा धीर धरतं. वजन मर्यादेच्या जवळ गेलं आणि कोणता माल ठेवून जायचा हा प्रश्न आला, की माल विभागातले आमचे काका पहिल्यांदा एवढंच विचारायचे, ‘‘वाशीची पेटी आहे का?’’ असली तर ती चर्चेत येतच नसे. बाकीच्यातून काय काढायचं ते बघायचं.

मी राहते त्या इमारतीत खालच्या मजल्यावर बंगाली कुटुंब राहतं. घरधनी झवेरी बाजारात सोन्याचे कारागीर आहेत, मूळचे पश्चिम मेदिनीपूरमधल्या घाटालकडचे. त्या भागातली हजारो माणसं मुंबईत, सुरतेत, दिल्लीत हेच काम करतात. एका रात्री त्यांच्या वडिलांच्या आजारपणाचा फोन आला आणि वहिनी वर आल्या. मी विमानाचं काम करते हे त्यांना माहीत होतं. ‘‘ताई, उद्या दुपारपर्यंत हे पोचतील ना?’’ मी सकाळचं पहिलं विमान बघितलं. डिसेंबर होता, वारा मदतीचा होता, धुकं मात्र दमदमला पडण्याची शक्यता होती. त्यांना मी तिकिटावरची वेळ सांगितली नाही. पहाटे साडेतीनला घरातून निघायचं, धुकं पडलं तर तासभर उशीर धरायचा, उतरल्यावर दमदमहून घाटाल सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण रस्त्याने तीन-साडेतीन तास. म्हणजे दुपारचे एक-दोन. धुकं लागलं तर तीन. त्यांनी तीच वेळ गावाकडे कळवली. ते दोनच्या सुमारास पोचले, वडिलांशी बोलणं झालं. नऊशे मैल आकाशातून जायला दोन तास आणि शेवटचे सव्वाशे किलोमीटर जमिनीवरून त्याहून जास्त. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी घरापासून घरापर्यंतचाच वेळ सांगते.

याच मार्गावर एके काळी रात्रीची डाक चालायची. जानेवारी १९४९ मध्ये ती सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं, चौघं मध्यरात्रीनंतर नागपुरात सोनेगावला भेटायची, पत्रांच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चौघं आपापल्या गावी परत. प्रवासीही असत. आमच्याकडचे एक नागपूरकर ज्येष्ठ सहकारी लहानपणी वडिलांबरोबर ही विमानं बघायला जात. त्यांच्या बोलण्यात मला सगळ्यात आवडायचं ते वेळेचं गणित. नागपूरपासून मुंबई सर्वांत जवळ, ६८० किलोमीटर. कोलकाता सर्वांत लांब, ९८० च्या पुढे. डाकोटा विमानं ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास चालत. म्हणजे कोलकात्याचं विमान मुंबईच्या तासभर आधी निघायला हवं, तरच सोनेगावला गाठ पडणार. एक उशिरा आलं की बाकी तिघं अडकली. डाकोटा जेट स्ट्रीमच्या पुष्कळ खालून उडायची, त्यामुळे माझा वारा त्यांच्या वाट्याला आला नाही, पण त्यांना त्यांचे ढग होते, आणि त्यांच्याकडे रडार नव्हतं.

त्या काळात घड्याळंसुद्धा एक नव्हती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत चालवली आणि मुंबईने १९५५ पर्यंत. डाकसेवा सुरू झाली तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. दोन शहरांच्या सूर्यात तासाभराहून थोडा जास्तच फरक आहे, आणि तो घड्याळ एक केल्याने गेलेला नाही. डिसेंबरात कोलकात्यात पाचच्या आधी सूर्य मावळतो, मुंबईत सहाला. दमदमहून अंधारात निघालेल्या वैमानिकांना पश्चिमेच्या क्षितिजावर बराच वेळ उजेड दिसत राहतो. आमच्या कागदांवर मात्र दोन्ही शहरांची वेळ नसते, सगळं ग्रीनिचच्या वेळेत लिहितो.

२०२० हे वर्ष या मार्गासाठी विचित्र होतं. कोविडच्या टाळेबंदीत दोन महिने प्रवासी उड्डाणं बंद होती. मे महिन्यात देशांतर्गत उड्डाणं पुन्हा सुरू करताना सरकारने भाड्याच्या मर्यादा ठरवल्या आणि त्या अंतरावर नाही, प्रवासाच्या वेळेवर बांधल्या. चाळीस मिनिटांच्या आत, चाळीस ते साठ, साठ ते नव्वद, असे सात टप्पे. मला त्यात न्याय वाटला होता. त्याच आठवड्यात अम्फान चक्रीवादळाने दमदमच्या विमानतळावर पाणी भरलं, त्यामुळे बाकी देशात २५ मेला सुरू झालेली उड्डाणं तिथे २८ ला सुरू झाली. मग ६ जुलैपासून बंगाल सरकारच्या विनंतीवरून मुंबई, पुणे, नागपूर आणि आणखी तीन शहरांतून कोलकात्याला थेट उड्डाणं बंद झाली, ती सप्टेंबरमध्ये हळूहळू उघडली. दोन महिने माझ्या यादीत कोलकाता नव्हतं. परळला टाटा रुग्णालयात उपचार घेणारे बंगालचे रुग्ण तेव्हा इथेच अडकून होते, किंवा दुसऱ्या शहरातून फिरून जात होते, किंवा दोन दिवस रस्त्याने. आमच्या दालनात सवयीने कोणी ना कोणी कोलकात्याचा वारा काढून बघायचं. जुलै होता, वारा पूर्वेचा होता.

आता नवी मुंबईचा विमानतळ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तो सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाच्या आग्नेयेला आहे, म्हणून कोलकाता तिथून वीसेक किलोमीटरनी जवळ पडतं. नवीन मुलांना हे सांगितलं की ती लगेच दोन मिनिटं कमी करतात. मी त्यांना थांबवते. जागेवरून धावपट्टीपर्यंत किती वेळ लागतो, सकाळी सात ते दहा रांग किती लांब होते, पावसात ढग किती वेळ अडवतात, संध्याकाळी सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांमुळे नव्या विमानतळावरच्या विमानांना किती वेळ वर ठेवावं लागतं, यातला एकही आकडा जुन्या नोंदींवरून उचलता येणार नाही. वारा तेवढा तोच आहे. बाकीचं नव्याने मोजायला एक पूर्ण हिवाळा आणि एक पूर्ण पावसाळा जावा लागेल, आणि तोपर्यंत तिथून कोलकात्याचा वेळ किती धरायचा हे मला कोणी विचारलं, तर मी सांताक्रूझचाच आकडा देणार आहे, एक मिनिटही कमी न करता.